सहा दहाच्या नोटा

बिल ३४० रुपयांचं. फोल्डरात पाचशेची नोट ठेवली की १६० परत येणार, हे आपल्याला ठाऊक असतं आणि वेटरलाही. शंभराची एक, पन्नासची एक, दहाची एक, असे ते सहज येऊ शकतात. पण तसे येत नाहीत. येते शंभराची एक आणि दहाच्या सहा, बडीशेपेच्या वाटीखाली जराशा सरकवून ठेवलेल्या, म्हणजे मोजायलाही नकोत. गल्ल्यावर थांबून त्याने पन्नासची नोट मुद्दाम मोडून घेतलेली असते. पन्नासची नोट गिऱ्हाईक हमखास उचलतं, आणि दहाची एकुलती एक मागे ठेवायला त्यालाच ओशाळल्यासारखं होतं. सहांतल्या दोन-तीन मात्र आपसूक राहून जातात. ही युक्ती आहेच, पण मला ती फार सभ्य वाटत आली आहे. तोंडाने काही मागितलं नाही, हात पुढे केला नाही, आपल्याला पेचात टाकलं नाही. देणाऱ्याचं काम तेवढं सोपं करून ठेवलं.

हे दृश्य आता दुर्मीळ होत चाललंय. टेबलावर क्यूआर कोडचा स्टँड येतो, आपण ३४० म्हणजे बरोब्बर ३४० भरतो, पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात आणि गल्ल्यावरचा बोलका डबा रक्कम मोठ्याने ओरडून सगळ्या हॉटेलला सांगतो. या व्यवहारात सुटे नाहीत, वाटी नाही, आणि वेटरही नाही. २०१६च्या नोटाबंदीनंतर आपल्या खिशातली रोकड हळूहळू आटली त्याचे गोडवे पुष्कळांनी गायले. त्या आटण्यात बडीशेपेच्या वाटीखालचं कोणाचं तरी दूध-भाजीचं बजेट आटलं, हे फारसं कोणी बोललं नाही. काही मुलांनी मोबाइलच्या कव्हरमागे स्वतःचा क्यूआर कोड चिकटवून ठेवलाय. शेठचं लक्ष नसताना ते फोन उलटा धरतात. ते बघून मला दहाच्या नोटांची आठवण येते आणि जरा वाईट वाटतं, कारण यात मागणं उघडं पडतं.

माझे एक मामा टीप शेवटी नव्हे, सुरुवातीलाच द्यायचे. परमिट रूममध्ये खुर्ची ओढायच्या आत नोट पोऱ्याच्या खिशात गेलेली असे. "ए हिरो, आज टेबल तुझं." मग पुढचे दोन तास हिरो आमच्या टेबलाभोवती घुटमळायचा. बर्फ संपण्याआधी बर्फ, शेंगदाणे संपण्याआधी शेंगदाणे. शेजारच्या टेबलावरची माणसं 'बॉस, बॉस' करत हात वर धरून बसलेली असायची. मामांना सगळे दिलदार म्हणत, आणि ते होतेही. पण त्या नोटेने त्यांनी शेजारच्यांची पाळी विकत घेतली होती, हे त्या वयातही मला खटकायचं. वडिलांची तऱ्हा वेगळी. उडप्याकडे डोसा खाऊन झाला की ते वाट्या एकात एक रचत, सांडलेलं पाणी कागदाने टिपून घेत, पोऱ्याला 'अहो' म्हणत, आणि टीप ठेवत आठ आणे. आईला त्या आठ आण्यांची लाज वाटे. पोऱ्याला कोणतं गिऱ्हाईक आवडत असेल? माझा अंदाज आहे, मामा. घरी पाठवायला नोट उपयोगी पडते. 'अहो' मनीऑर्डरीने जात नाही.

तिसरा प्रकार मात्र मला मुळीच सोसत नाही. हे लोक टेबलावर बसले की परीक्षक होतात. पाणी उशिरा आलं, अर्धा गुण वजा. नान गार झाला, एक गुण वजा. वेटर हसला नाही, दोन वजा. शेवटी फोल्डर मिटताना बायकोकडे बघून जाहीर करतात, "आज काही नाही हं, सर्व्हिस बेकार होती." ते वेटरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचं असतं. शिक्षा झालेल्याला कळली नाही तर उपयोग काय?

आता नान गार का होतो ते पाहा. वेटरने ऑर्डर घेतली की केओटी (आत जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) फाटतो, किंवा हल्ली टॅबवरून आत छापून निघतो. पुढचं राज्य त्याचं नाही. तंदूरवर माणूस एक, रविवारी रात्री टेबलं वीस, आणि सगळ्यांना बटर नान हवेत. पनीरची भाजी दुसऱ्या शेगडीवर, दुसऱ्या माणसाकडे. वेटर खिडकीशी जाऊन 'सहा नंबर, सहा नंबर' असं दोनदा म्हणतो. तिसऱ्यांदा म्हटलं तर आतला वस्ताद शिवी घालतो आणि सहा नंबर मुद्दाम मागे टाकतो. तो बाहेर येऊन आपल्याला 'दोन मिनिट, साहेब' म्हणतो. ती दोन मिनिटं त्याच्या हातात नसतात, हे त्यालाही माहीत असतं आणि जरा विचार केला तर आपल्यालाही. पण अख्ख्या हॉटेलात आपल्याला दिसणारा चेहरा तेवढा एकच. मालकाने तंदूरवर दुसरा माणूस ठेवला नाही त्याची वजाबाकी या चेहऱ्यावर होते.

गंमत म्हणजे हे गुण आपण समजतो तसे दिलेही जात नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले मायकल लिन हे प्राध्यापक टीप या एकाच विषयावर वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. सेवा किती चांगली होती आणि टीप किती पडली, यांतला संबंध अगदी क्षीण आहे, असं त्यांच्या अभ्यासातून पुन्हा पुन्हा दिसलं. आकडा ठरतो तो मुख्यतः बिलाच्या रकमेवर. म्हणजे आपण न्याय केल्याच्या ऐटीत फोल्डर मिटतो आणि प्रत्यक्षात सवयीप्रमाणे टक्केवारी लावून उठतो.

अमेरिकेने तर या सवयीवर पगाराची इमारतच उभी केली. यादवी युद्ध संपल्यावर जॉर्ज पुलमनच्या कंपनीने रेल्वेचे शयनयान डबे चालवायला घेतले आणि त्यांत पोर्टर म्हणून ठेवले ते कृष्णवर्णीय पुरुष, त्यांतले कितीतरी नुकतेच गुलामीतून सुटलेले. पगार इतका तुटपुंजा ठेवला की प्रवाशांच्या बक्षिशीवाचून पोट भरू नये. प्रवासी या सगळ्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. मालकाचं नाव नोकराला. जुन्या गुलामांनाही धन्याच्याच नावाने ओळखत. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ साली या पोर्टरांची संघटना बांधली आणि १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. पण ग्राहकाच्या मर्जीवर पगाराचा हिस्सा सोपवायची रीत काही गेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या काही राज्यांनी टीप हा चक्क गुन्हा ठरवून पाहिला. १९२६पर्यंत ते सगळे कायदे गुंडाळले गेले. १९६६ साली टीप किमान वेतनात धरायला केंद्राच्या कायद्याने मुभाच दिली. आज तिथे टीप मिळवणाऱ्याला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ते १९९१पासून हललेलं नाही. टीप धरून सर्वसाधारण किमान वेतनाचे ७.२५ डॉलर झाले नाहीत तर फरक मालकाने भरायचा, असं कागदावर आहे. कॅलिफोर्नियासारखी थोडी राज्यं ही सूट मानत नाहीत आणि पूर्ण वेतन द्यायला लावतात. न्यूयॉर्कच्या डॅनी मायर या नावाजलेल्या हॉटेलमालकाने २०१५ साली आपल्या रेस्टॉरंटांतून टीप बंद करून पदार्थांचेच दर वाढवले होते. २०२०मध्ये त्यालाही टीप परत आणावी लागली.

आपल्याकडचे आई-वडील मुलाकडे न्यूजर्सीला जातात तेव्हा या इतिहासाशी त्यांची गाठ बिलाच्या तळाशी पडते. अठरा, वीस, बावीस टक्के, असे तीन आकडे छापलेलेच असतात. वडील मनातल्या मनात रुपये करतात. "एवढ्यात आपल्याकडे चौघं जेवतील." मुलगा कुजबुजतो, बाबा, हळू. वडिलांचा मुद्दा अगदीच वेडगळ नाही: "जेवण मी विकत घेतलं, नोकरी मालकाने दिली, मग त्याचा पगार माझ्या माथी का?" अमेरिकेतले कामगार पुढारी गेली शंभर वर्षं हाच प्रश्न विचारत आहेत. फरक इतकाच की बाबा तो वीस टक्के वाचवायला विचारतात. मालकाचा राग वेटरवर काढून चालत नाही. तिथे टीप न देणं म्हणजे त्याच्या त्या दिवसाच्या पगाराला कात्री लावणं.

आणि आपल्याकडे? कायद्याने आपल्या हॉटेलात किमान वेतन आहे, टीप त्यात धरायची नाही. पण कामावर ठेवताना शेठ काय बोलतो ते ऐकावं. "पगार इतका. राहायला वर माळा, जेवण दोन वेळ. आणि वर टीप आहेच." हे 'टीप आहेच' म्हणजे आपलं न छापलेलं २.१३. एकदा हे ध्यानात आलं की परीक्षकाची पोझ घेता येत नाही. पगारातला जो तुकडा आपल्या हातून जाणार असं शेठ आणि वेटर या दोघांनी आपल्याला न विचारता ठरवलंय, तो आपण अडवून धरायचा आणि त्याला संस्कार म्हणायचं, हे काही खरं नाही. म्हणून मी नान गार असला तरी टीप ठेवते आणि नानाबद्दल गल्ल्यावर बोलते.

माळ्यावर राहून मुंबईचं पोट भरणाऱ्या या पोरांचा इतिहास मोठा आहे. दक्षिण कन्नडमधून, उडुपीच्या आसपासच्या गावांतून मुलं यायची. माटुंग्याचं रामा नायक यांचं बोर्डिंग १९४२चं. केळीच्या पानावर जेवायला लोक आजही तिथे रांग लावतात. दिवसभर कपबशा विसळायच्या, टेबलं पुसायची आणि रात्री कन्नड रात्रशाळेत बसायचं, असं करत कित्येक जण शिकले, आणि त्यांतले काही पुढे स्वतःच गल्ल्यावर बसले. तरुण जॉर्ज फर्नांडिस मंगळूरहून आले तेव्हा त्यांना मुंबईत रात्री झोपायला धड जागा नव्हती, आणि त्यांनी पन्नाशीच्या दशकात ज्यांची संघटना बांधली त्यांत गोदी कामगारांबरोबर हॉटेल कामगारही होते. नारायण सुर्वे कवी होण्याआधी गिरणीत राबले, आणि त्याही आधी हॉटेलात कपबशा धुणारे पोऱ्या होते. पोऱ्याला हाक मारताना तो पुढे कोण होणार आहे याची कल्पना हाक मारणाऱ्याला नसते, आणि तो कोणी थोर होणार नसला तरी 'शुक शुक' करायचं कारण नाहीच.

खरं तर पोऱ्या हा शब्द तेव्हा शब्दशः खरा होता. दहा-बारा वर्षांची मुलं कळकट फडकं घेऊन टेबलाखाली घुसायची. १० ऑक्टोबर २००६पासून ढाबे, हॉटेलं आणि घरकाम यांत चौदा वर्षांखालचं मूल ठेवायला बंदी आली. मुलं अगदीच दिसेनाशी झाली असं नाही, पण निदान मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलांतून ती गेली. आता तिशीतला, घरी दोन लेकरं असलेला ओडिशाचा, झारखंडचा, नेपाळचा माणूस येतो आणि आपण त्याला 'छोटू' म्हणतो.

आणि टेबल पुसणारा वेगळा, वाढणारा वेगळा, हेही आपल्याला नीट दिसत नाही. वाटीखालची नोट वाढणाऱ्याला मिळते. उष्टं उचलणारा, आत मोरीवर पातेली घासणारा, यांच्यापर्यंत ती पोचेलच असं नाही. काही ठिकाणी गल्ल्यापाशी एक डबा असतो, सगळ्यांची टीप त्यात पडते आणि आठवड्याने वाटणी होते. कॅप्टनला जास्त हिस्से, वेटरला कमी, मोरीवाल्याला सर्वांत कमी. वाटणीच्या दिवशी भांडणं होतात. जेवण झाल्यावर हात लावायला कोणी तयार नसतो अशा ताटाला जो हात लावतो त्याला सर्वांत कमी, ही वाटणी काही हॉटेलवाल्यांनी शोधून काढलेली नाही. ती आपल्या गावाकडून आली आहे.

परमिट रूममधला वेटर या सगळ्यांत निराळा. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. आजही पिणाऱ्याकडे परवाना हवा, आणि तो मिळतो 'आरोग्याच्या जतनासाठी'. या विनोदाच्या छताखाली जो माणूस काम करतो त्याच्याकडे मी नेहमी बघत बसते. तो बाटली आधी टेबलाशी आणतो, लेबल दाखवतो, मग मापात ओततो, आणि माप ग्लासात उपडं करून क्षणभर तसंच धरतो. शेवटचा थेंब पडल्याचं गिऱ्हाईकाने पाहिलंच पाहिजे. 'रिपीट?' हे तो भुवईने विचारतो. कोणाला सोडा, कोणाला साधं पाणी, कोणाचा चौथा पेग आहे, हे त्याच्या डोक्यात असतं. आवाज चढायला लागला की तो मधेच पाण्याची बाटली आणि पापड आणून ठेवतो. पापड कोणी मागितलेला नसतो, पण बोलणारे दोघेही तो मोडायला लागतात आणि वाक्य तुटतं. एकदा त्याने एका साहेबांचा ग्लास भरायला इतका वेळ लावला की साहेब वैतागून बिल मागून गेले. त्यांनी टीप ठेवली नाही. साहेब चारचाकी घेऊन आले होते. त्याच सराईतपणे बिल मात्र तो आमच्या ऑफिसच्या टेबलावर टाय लावलेल्या ज्युनिअरसमोर ठेवतो, कारण टेबलावर पुरुष असताना बाई पैसे देईल हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. मी फोल्डर आपल्याकडे ओढते. तो 'सॉरी मॅडम' म्हणतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तिथेच ठेवतो.

बारमध्ये बाई वाढणारी असली की टीपचा अर्थच फिरतो, आणि तिथे आपल्या राज्याने दीड दशक कोर्टकचेरी केली. २००५ साली डान्स बार बंद केले, तारांकित हॉटेलं तेवढी वगळून. बाईची अब्रू ताऱ्यांवर ठरते अशी ती मांडणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती बंदी टिकू दिली नाही. मग २०१६चा नवा कायदा आला, त्याच्या लांबलचक नावात 'महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण' असे शब्द होते. त्यावर १७ जानेवारी २०१९ला निकाल देताना न्यायालयाने नोटा उधळायला बंदी कायम ठेवली आणि हातात टीप द्यायला मात्र मुभा दिली. मला या निकालातली ही बारीक रेघ फार पटते. पैसा तोच, माणसं तीच. उधळलेली नोट वाकून उचलावी लागते. हातात दिलेली समोर उभं राहून घेता येते. आणि ही रेघ काही बारपुरती नाही. लग्नात ढोलवाल्याच्या डोक्यावरून ओवाळून टाकलेली नोट आणि कॅप्टनच्या खिशात बोटांनी कोंबलेली नोट, दोन्ही तिच्या पलीकडच्याच.

राहिला सर्व्हिस चार्ज. बिलातच दहा टक्के जोडून मोकळं व्हायचं, म्हणजे ना परीक्षक, ना दिलदार मामा. कल्पना वाईट नव्हती. पण तो पैसा कर्मचाऱ्यांना मिळतो की मालकाला, हे बिलावर लिहिलेलं नसे. ४ जुलै २०२२ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हा चार्ज आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. ग्राहकाचा विजय झाला. कर्मचाऱ्याचं काय झालं, हे त्या विजयाच्या बातम्यांत मला सापडलं नाही. ब्रिटनने दुसरं टोक धरलं. तिथे १ ऑक्टोबर २०२४पासून टीप आणि सर्व्हिस चार्ज यांतली पैन् पै, काही न कापता, काम करणाऱ्यांतच वाटणं मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे भांडण झालं ते चार्ज द्यायचा की नाही यावर. दिलेला कोणाला जातो यावर झालं असतं तर बरं होतं.

माझी भाची हक्कांच्या बाबतीत फार जागरूक आहे. परवा बिलात तो चार्ज दिसताच ती वेटरला म्हणाली, "हा ऑप्शनल आहे ना? हे पैसे तुम्हाला मिळतात का? मिळत असतील तर देते." प्रश्न सरळ होता, पण विचारला चुकीच्या माणसाला. त्याने एकदा गल्ल्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मिळतात, मॅडम." दुसरं काय म्हणणार होता? नोकरी त्याची, गल्ला सहा फुटांवर.

तेव्हा मी फोल्डर घेऊन स्वतः गल्ल्यावर गेले आणि शेठना शांतपणे विचारलं, हा चार्ज महिन्याला किती जमतो आणि त्यातला मोरीवरच्या माणसाला किती जातो. शेठनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि खुर्चीवरून अर्धवट उठत म्हणाले, "मॅडम, लेबर ऑफिसमधून आलात का? आधी सांगायचं ना, बिल कशाला दिलं असतं!"